वाढत्या मुलांचे खाणे : दोष कोणाचा?



“आमच्या मुलांना घरचे अन्न मुळी गोडच लागत नाही,” ही तक्रार ज्या घरी ऐकू येत नाही, असे सुशिक्षित घर आपल्या नाशकात आज क्वचितच सापडेल. आई पहाटे उठून पोळीभाजी करते, डबा भरून देते, आणि तो डबा संध्याकाळी जसाच्या तसा परत येतो. रात्री पाने वाढावीत, तो चिरंजीव म्हणतात, “मला भूक नाही.” ही भूक कोठे गेली ह्याचा शोध करावा, तर ती कॉलेज रोडवरच्या एखाद्या गाडीपाशी वडापावावर किंवा नूडल्सच्या बशीवर केव्हाच शांत झालेली असते. मग आपण वडील माणसे एका सुरात निकाल देतो, की ह्या पिढीची जीभ बिघडली. शिक्षकाचा धंदा करीत असताना हा निकाल मीही वर्गात अनेक वेळा उच्च स्वराने वाचून दाखविला आहे. आज मात्र मी आरोपीच्या बाजूने चार शब्द बोलण्यासाठी आपल्यापुढे आलो आहे. तेरा ते एकोणीस ह्या वयातील मुले काय खातात हे ठरविण्यात त्यांच्या जिभेचा भाग थोडा असतो. मोठा भाग घड्याळाचा, सोबत्यांचा, बाजाराचा आणि आपल्या स्वतःच्या घराचा असतो, असे माझे म्हणणे आहे.

माझ्या मताचा हा पालट एका प्रसंगाने झाला, तो प्रथम सांगतो. गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची आहे. शाळा सकाळी सातला भरत असे. एके दिवशी प्रार्थना चालू असताना नववीच्या रांगेतील एक मुलगी घेरी येऊन खाली पडली. तोंडावर पाणी मारले, ती सावध झाली. आणि मी वर्गशिक्षक ह्या नात्याने, तेथल्या तेथे, तिला व तिच्यानिमित्त सर्व वर्गाला उघड्यावरच्या पदार्थांच्या दुष्परिणामांविषयी पंधरा मिनिटे ऐकविले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी तिची आई भेटावयास आली. वडील सातपूरला एका कारखान्यात नोकरीस, घर खाऊनपिऊन सुखी. आई म्हणाली, “सर, ती बाहेरचं काही खात नाही हो. पहाटे पाचला नळाला पाणी येतं, ते ती भरते. तिच्या वडिलांचा अन् भावाचा डबा करायला मला हात लावते, अन् उशीर होईल म्हणून नुसता चहा घेऊन पळते. शाळेतून परस्पर क्लासला जाते. जेवायला घरी येते ती पावणेतीनला.” डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठ ग्रॅमच्या आसपास निघाले, ह्या वयाच्या मुलीत ते बाराच्या खाली असू नये. पहाटे पाचपासून दुपारी पावणेतीनपर्यंत जिच्या पोटात एक कप चहा, तिला मी जिभेचे लाड करू नयेत म्हणून उपदेश केला होता! त्या दिवसापासून मुलांच्या खाण्याविषयी बोलण्यापूर्वी मी त्यांच्या दिनक्रमाविषयी विचारू लागलो.

आता ह्या वयाची गरज किती मोठी असते ते पाहू. मनुष्याच्या पूर्ण उंचीपैकी सुमारे पंधरा ते वीस टक्के उंची आणि वजनापैकी जवळजवळ अर्धे वजन कुमारवयाच्या ह्या थोड्या वर्षांत भरून येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ह्यांनी २०२० साली जी प्रमाणे ठरवून दिली, त्यांनुसार प्रौढ पुरुषास दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह पुरते, तर तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास २२ आणि त्याच वयाच्या मुलीस ३० मिलिग्रॅम लागते. म्हणजे घरातील कर्त्या पुरुषाहून त्याच्या नववीतल्या मुलीची गरज दीडपट अधिक. आणि प्रत्यक्ष स्थिती कशी आहे? २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या दर शंभर मुलींत ५९ आणि दर शंभर मुलग्यांत ३१ रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. हे आकडे सर्व देशाचे आहेत, आणि सुखवस्तू घरे त्यांतून सुटलेली नाहीत. ज्या मुलीला ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून आपण बोल लावतो, तिच्या अंगात लक्ष देण्याइतके रक्त आहे की नाही, हे एकदा पाहावयास नको काय?

पहिले कारण मी घड्याळाचे म्हटले. कुमारवयात झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते. रात्री लौकर झोप येत नाही आणि पहाटे डोळा उघडत नाही. त्याच वयाला आपण सातच्या शाळेची, दुपारच्या क्लासची आणि संध्याकाळच्या दुसऱ्या क्लासची जोड दिली आहे. लहान मुलांविषयी सरकारला कळवळा आला, हे चांगलेच झाले. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असे महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ठरविले. शाळेतील मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजविलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला. आणि पुढे सहावी ते आठवीच्या मुलांना रोज ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळतील असे जेवण ठरविण्यात आले. परंतु नऊची सवलत चौथीपाशी संपते आणि ताट आठवीपाशी उचलले जाते. ज्या वर्षी मुलाची भूक दुप्पट होते, नेमक्या त्याच वर्षी त्याच्या भुकेची जबाबदारी शाळेच्या अंगावरून उतरते. ज्यांची मुले खासगी विनाअनुदानित शाळांत आहेत, त्यांना तर ह्या योजनेचा स्पर्शही नाही.

येथे मला वडापावाची आठवण होते. १९६६ च्या सुमारास मुंबईत दादर स्थानकाबाहेर हा पदार्थ प्रथम विकला गेला असे सांगतात, आणि गिरणीकामगारांनी व लोकलने धावणाऱ्या चाकरमान्यांनी तो उचलून धरला. का धरला? तो उभ्याउभ्या खाता येतो, स्वस्त असतो, आणि दोन मिनिटांत पोट भरल्याचे समाधान देतो. ज्या माणसाला बसून जेवण्यास वेळ नाही, त्याचे हे अन्न आहे. आज आपली पंधरा वर्षांची मुले शाळा आणि क्लास ह्यांच्यामधल्या वीस मिनिटांत त्याच गिरणीकामगाराच्या स्थितीत उभी असतात. त्यांच्या दप्तरात पोळीभाजीचा डबा असतो, पण तो उघडून बसावयास जागा नाही आणि हात धुण्यास नळ नाही. अशा वेळी गाडीकडे पाय वळले, तर त्यात जिभेचा अपराध किती आणि वेळापत्रकाचा किती, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

दुसरे कारण सोबत्यांचे. ह्या वयात मुलाला आईच्या शाबासकीपेक्षा बरोबरीच्या चार मुलांच्या नजरेची किंमत अधिक असते. पेठ तालुक्यातील एका खेड्यातून आलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. पंचवटीत मामाकडे राहून शिकत असे. त्याच्या डब्यात नागलीची भाकरी आणि उडदाचे पिठले असे. मधल्या सुटीत तो भिंतीकडे तोंड करून खाई. मुले त्याच्या भाकरीला ‘काळी’ म्हणून हसत. काही दिवसांनी त्याने डबा आणणे सोडले आणि मामाने वहीपेन्सिलीसाठी दिलेले पैसे तो वडापावावर घालवू लागला. मला हे फार उशिरा समजले, आणि समजले तेव्हा मी सर्वांदेखत विचारले, “अरे, हल्ली भाकरी का आणत नाहीस?” माझ्या त्या प्रश्नाने त्याची लाज दुणावली असेल, ह्यात मला आज शंका वाटत नाही.

त्या काळ्या भाकरीची योग्यता पाहा. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेच पांढऱ्या सडलेल्या तांदळात दहाच्याही आत. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास दिवसाला १००० मिलिग्रॅम लागते, आणि ह्याच वयात हाडांचे भांडवल साठत असते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी ह्या आपल्या डोंगराळ भागात नागली आणि वरई पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. २०२३ साल संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि आज तीच नागली ‘नाचणी’ ह्या नावाने, चकचकीत वेष्टणात, बिस्किटाच्या रूपाने शहरातील दुकानांत चढ्या भावाने मिळते. काल जे हसले ते आज ती कौतुकाने विकत घेतात. धान्य तेच, बदलली ती केवळ प्रतिष्ठा. मग मुलांनी प्रतिष्ठा पाहून अन्न निवडले, तर ते आपल्यापासूनच शिकले असे म्हणावयास नको काय?

रुची ही शिकविलेली गोष्ट आहे, ह्याचा आणखी एक दाखला माझ्या पिढीतच आहे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे, आणि मुलांना सुकडी वाटली जाई. मिलोची भाकरी कोणालाही आवडत नसे, पण घरी सर्वच जण एका पंक्तीला बसून ती खात, म्हणून आम्हीही खाल्ली. सुकडीसाठी तर आम्ही रांगेत धक्काबुक्की करीत असू, आणि आजही तिचे नाव निघाले की आमच्या वयाच्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटते. तो दुष्काळ पुन्हा यावा असे कोण म्हणेल? माझे सांगणे इतकेच, की जे सर्वांनी मिळून, सन्मानाने आणि भुकेच्या वेळी खाल्ले, ते गोड लागले.

तिसरे कारण बाजाराचे. आमच्या लहानपणी गोळ्या-बिस्किटांचे दुकान गल्लीच्या टोकाशी असे. आज ते मुलाच्या खिशातील फोनमध्ये आहे, आणि बोट लावताच दारी येते. जाहिरातीतील मुले सडपातळ, हसतमुख आणि खेळाडू असतात, आणि हातात असते साखरेच्या पाण्याची बाटली. तीनशे मिलिलिटरच्या अशा बाटलीत साधारणपणे तीस ग्रॅमच्या वर साखर असते. म्हणजे सहा-सात चमचे. वरून मिसळलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले. ही पाच टक्के म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅम. एका बाटलीत ती मर्यादा ओलांडली जाते. कायदा नाही असे नाही. अतिस्निग्ध, अतिखारट व अतिगोड पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून पन्नास मीटरांच्या आत विकू नयेत, असा नियम देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला आहे. परंतु एकावन्नाव्या मीटरवर मुलगा पुन्हा एकटाच असतो. शिवाय आपल्या जिल्ह्याचा एक विशेष आहे. निफाड-दिंडोरीची द्राक्षे समुद्रापार जातात, लासलगावचा कांदा देशभर जातो, आणि आमच्या मुलांच्या डब्यात फळाची एक फोड सापडत नाही. पिकते तेथे विकत नाही, हेच खरे.

चौथे कारण घराचे. आणि ते सांगताना मला थोडा संकोच होतो, कारण त्यात मीही आलो. किती घरांत आज सर्व माणसे एका वेळी जेवतात? वडील फोनकडे पाहत जेवतात, आई मागाहून उभ्याने जेवते, आणि मुलाचे ताट त्याच्या खोलीत जाते. ज्या दिवशी सर्वजण एकत्र बसतात, त्या दिवशी ताटावर पहिला प्रश्न निघतो गुणांचा. ताटावर ज्याची रोज झडती होते, त्याला भूक नसते ह्यात नवल ते काय? मुलींची गोष्ट तर निराळीच. ज्या देहाला लोह सर्वांत अधिक हवे, त्या देहापुढे भाजीचे भांडे तळाशी आल्यावर येते. आणि अलीकडे ‘जाड दिसशील’ ह्या एका शब्दाने पुष्कळ मुली रात्रीचे जेवण सोडतात. हा शब्द बहुधा घरातच प्रथम उच्चारलेला असतो.

कोणी म्हणेल, “हे सर्व खरे, पण मुलांना समजावून सांगू नये काय?” सांगावे; मात्र कसे सांगावे ह्याचा विचार करावा. अमेरिकेत टेक्सास राज्यातील आठवीच्या पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना आरोग्याचे नेहमीचे पाठ दिले. दुसऱ्या काही मुलांना, खाद्यपदार्थांच्या कंपन्या कोणत्या युक्त्यांनी मुलांना व गरिबांना नादी लावतात, हे उघड करून दाखविले, आणि त्यांना न जुमानणे हे स्वाभिमानाचे लक्षण आहे असे सुचविले. दुसऱ्या दिवशी, ज्यांचा स्वाभिमान जागा केला होता त्यांनी, आरोग्याचे पाठ ऐकलेल्यांपेक्षा चांगले पदार्थ अधिक प्रमाणात निवडले. ह्या वयाला ‘चाळिशीत तुला मधुमेह होईल’ ही भीती लागू पडत नाही. ‘तुला कोणी फसवीत आहे’ ही गोष्ट मात्र झोंबते. आपण मुलांना भित्रे समजून बोलतो. त्यांना न्यायी समजून बोलावे.

तेव्हा घरोघर करता येण्याजोग्या चार गोष्टी सांगून मी हे भाषण संपवितो. पहिली अशी, की कोणतेही मूल सकाळी केवळ चहावर घराबाहेर पडू नये. केळे, मूठभर शेंगदाणे व गूळ, एखादा लाडू, रात्रीची भाकरी दुधात कुस्करून, ह्यांतले काहीही चालेल. आणि पोहे असतील तर त्यांवर लिंबू पिळावे, कारण त्याने अन्नातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबरच्या चहाने ते वाया जाते. शाळेत दर आठवड्याला लोहाची जी निळी गोळी देतात, ती मुलांनी खिडकीबाहेर टाकलेली मी वेचली आहे; ती कशासाठी आहे हे घरी एकदा नीट सांगावे.

दुसरी, दिवसाचे एक जेवण सर्वांनी मिळून करावे, फोन दूर ठेवावे, आणि त्या वेळी गुणपत्रिकेचा विषय काढू नये. रविवारी सर्वांनी मिळून मिसळ खावयास जावे, त्यातही पाप नाही. नाशिककराला ते सांगावयास नकोच! एकट्याने लपून खाल्लेला पदार्थ आणि पंक्तीने खाल्लेला पदार्थ ह्यांत अंतर आहे.

तिसरी, मुलामुलींच्या हाती पिशवी आणि कढई द्यावी. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात त्यांना शंभर-दोनशे रुपये देऊन भाजी निवडू द्यावी, आणि आठवड्यातून एकदा त्यांनी स्वयंपाक करावा, मुलग्यांनीही. स्वतः निवडलेली भाजी सहसा कोणी ताटात टाकीत नाही.

चौथी गोष्ट पालकांनी मिळून करावयाची आहे. ज्या क्लासला आपण हजारो रुपये देतो, त्या क्लासच्या चालकांस एवढे सांगावे, की दुपारी वीस मिनिटे, एक स्वच्छ बाक आणि एक नळ आमच्या मुलांसाठी राखून ठेवा. ही मागणी कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही. ती केल्यास नाकारली जाईल असे मात्र मला वाटत नाही.

त्या नववीतल्या मुलीचे पुढे काय झाले, असे श्रोत्यांस वाटत असेल. मी तिच्या वडिलांना भेटलो. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणी भरण्याचे काम भावाकडे गेले, त्यामुळे तिला सकाळी पंधरा मिनिटे मिळाली. त्या पंधरा मिनिटांत ती भाकरी आणि अळिवाचा एक लाडू खाऊ लागली. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या. चार-पाच महिन्यांनी तिचे हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले, आणि पुढे प्रार्थनेच्या वेळी ती कधी पडली नाही. तिच्या आवडीनिवडीत काही फरक झाला नव्हता. घरच्या कामाची वाटणी तेवढी बदलली होती.

पेठच्या त्या मुलाला मात्र मी असे काही देऊ शकलो नाही, ही रुखरुख आहे. तो दहावी होऊन गेला. आज आपल्यापैकी कोणाच्या घरी एखादे मूल डबा लपवीत असेल, किंवा तो न उघडता परत आणीत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी एकदा शांतपणे, एकान्तात विचारावे, “बाळ, डबा खायला तुला वेळ आणि जागा मिळते ना? कोणी हसत तर नाही ना?” पुष्कळदा उत्तर तेथेच सापडेल.